डाव्या तळहातावर

मी एक जुना माउस आहे, मित्रांनो, आणि तोही वायरचा. माझी वायर दोन ठिकाणी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे, उजव्या कुशीला बोटभर लांब चीर आहे, आणि मधले चाक फिरवले तर रिकाम्या जात्यासारखे खरखरते. मी फार थकलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे बोलता बोलता मी मधेच थांबलो तर तुम्ही रागावणार नाही.

मुरुमला महालिंगप्पांच्या घरी, देवघराबाहेरच्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. कॉम्प्युटर तिथून दोन खोल्या पलीकडे आहे आणि माझी वायर आता कुठेच जोडलेली नाही. तरीही रोज सकाळी मला कामावर हजर व्हावे लागते. कॉम्प्युटर नाही, वायर जोडलेली नाही, मग याला काम तरी कसले, असे तुम्हाला वाटेल. तेच सांगायचे आहे.

माझ्या जन्मात कौतुक करण्यासारखे काही नाही. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो एका दिवसात तयार होतात, त्यातला मी एक. माझ्या पोटाखाली तांबडा दिवा बसवला, तोच माझा डोळा. त्यामुळे माझी कायमची पंचाईत झाली. माणसांचा हात माझ्या पाठीवर आणि डोळा पोटाखाली! ज्यांनी मला वर्षानुवर्षे धरले, त्यांचे हात मी कधी पाहिलेच नाहीत. मी पाहिली ती फक्त टेबलाची फळी, बाकी सगळे ऐकून जाणतो.

सोलापूरच्या दुकानातून मला भुवनेश्वरीने आणले. ती महालिंगप्पांची सून. लग्न होऊन आल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे केंद्र काढले होते. पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा, जातीचा दाखला, सगळे माझ्या पाठीवरून गेले. विम्याची मुदत संपायची त्या दिवशी माणसांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि माझे डावे बटण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टकटकत राहायचे. "लई चिवट निघाला ह्यो," असे भुवनेश्वरी एकदा म्हणाली होती. तेवढ्या एका वाक्यावर मी सात वर्षे काढली. मग बिनवायरचा माउस आला, आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. सोबतीला जुने चार्जर आणि एक बंद पडलेली बॅटरी. कुणी डबा उघडला की मला वाटायचे, आपल्यालाच शोधताहेत. शोधत असायचे ते चार्जर.

आता महालिंगप्पांविषयी सांगतो. चाळीस वर्षे मुरुमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती. पोत्यातून मूठभर तूर वर काढली की ती कोणत्या शिवारातली आहे, हे ते वासावरून सांगायचे. दुकान आता मुलगा शांतलिंग बघतो. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात, सकाळी अंघोळ करून उठताना महालिंगप्पांची डावी बाजू गेली. सोलापूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढले. वाचा शाबूत राहिली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण डावा हात खांद्यापासून लोंबत राहिला.

हात गेला म्हणून ते खचले असते का, मला सांगता येत नाही. पण तो डावा हात होता. हे घर लिंगायतांचे. महालिंगप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असते. रोज अंघोळ झाली की ते बाहेर काढायचे, डाव्या तळहातावर ठेवायचे, उजव्या हाताने पाणी घालायचे, भस्म लावायचे, बेलाचे पान वाहायचे आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचे. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा आठव्या वर्षापासूनचा नेम. आता लिंग ठेवायला हातच नव्हता.

"माझा हात खाली धरते की," त्यांची बायको रुद्रम्मा म्हणाली. "तेवढाच टेकू."

"आपलं लिंग आपल्या हातावर," महालिंगप्पा म्हणाले. "आन् पडलं तर? हातातून लिंग पडलं तर म्या तोंड कुठं दाखवू?"

मठातले स्वामी घरी येऊन समजावून गेले. आजारी माणसाने उजव्या हाताने डबीला स्पर्श केला तरी पूजा पोचते, असे ते म्हणाले. महालिंगप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते तसे करूही लागले. पण जेवायला बसले की चोरून खाल्ल्यासारखे खायचे. चार घास, घोटभर पाणी, की ताट बाजूला. महिन्याभरात त्यांच्या सदऱ्याचे खांदे कोपराकडे ओघळले. घरात कुणी उघड बोलत नव्हते, पण हात वर यायला हवा होता, नाहीतर माणूस जाणार होता.

उमरग्याहून व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्याला यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. महालिंगप्पांनी तो पलंगाखाली भिरकावला. "लहान लेकरावानी चेंडू दाबत बसू व्हय?" भुवनेश्वरी दारात उभी होती. तिने चेंडू उचलला नाही. ती आत गेली आणि पत्र्याचा डबा उघडला. त्या दिवशी मात्र तिला चार्जर नको होता.

कॉलेजात असताना हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर ती एक खेळ खेळायची. जुन्या काळातले साम्राज्य उभारण्याचा. सुरुवातीला एक वाडा, तीन माणसे आणि आजूबाजूला चरणाऱ्या आठ मेंढ्या. त्यावरून शेती, लाकूडतोड, कोट, सैन्य, असे करत शेजारच्या राजाला भारी पडायचे. तो शेजारचा राजा म्हणजे कॉम्प्युटरच. तिने मला टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवले आणि माझ्या बटणांची कामे आपसात बदलली. आयुष्यभर माझे डावे बटण राबले होते आणि उजवे आरामात होते. म्हातारपणी उजव्याच्या कपाळी नोकरी आली.

"मामा, ह्यो चेंडू न्हाय," ती म्हणाली. "राज्य हाय. जमतंय का बघा."

तिने त्यांचा लोंबता हात उचलून माझ्यावर ठेवला. किती जड होता तो! पहिल्या दिवशी एक बोट दाबायला त्यांना इतका वेळ लागला की शेजारचा राजा कोट बांधून मोकळा झाला. पण शेवटी दाबले.

आणि तिथेच गाडी अडली. खेळात पहिले अन्न मिळते ते मेंढ्या कापून. ज्याने मेंढ्या लवकर कापल्या त्याची माणसे लवकर वाढतात, हे त्या खेळातले बाळबोध गणित.

"मेंढ्या कापायच्या?" महालिंगप्पांनी हात काढून घेतला.

"खेळातल्या हायत मामा."

"असू दे. माझ्या हातानं न्हाय व्हणार."

त्यांनी त्या आठ मेंढ्या वाड्यापाशी आणून उभ्या केल्या आणि जे पहिले सैन्य उभे राहिले ते मेंढ्यांच्या राखणीला लावले. शेजारच्या राजाचे घोडेस्वार आले, मेंढ्या हाकलून घेऊन गेले, जाता जाता वाडाही जाळून गेले. भुवनेश्वरीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. मग सासरेही हसले. घरात कित्येक दिवसांनी कुणी हसत होते, आणि माझी वायर टेबलाला आपटत होती.

ती त्यांना कधी आयते सांगायची नाही. हरू द्यायची आणि मग एवढेच विचारायची, "कुठं चुकलं?" महालिंगप्पा जेवताना त्याचा विचार करायचे, त्या नादात दोन घास जास्त जायचे. मेंढ्यांवाचून भागवायचे तर बोरीच्या झुडपांपासून सुरुवात करावी लागते आणि शेते लवकर पेरावी लागतात, हे त्यांना चौथ्या पराभवानंतर उमगले. मग शेते पिकली. पिकली म्हणजे काय, कोठारात नऊ हजार धान्य साठले आणि वाड्यापुढे अकरा माणसे हात जोडून रिकामी उभी!

"काय करलालाव मामा? एवढं धान्य ठेवून कुणाला दाखवायचंय?"

"थांब की. भाव वाढंल."

"इथं भाव न्हाय. धान्य दिलं की माणूस मिळतंय, आन् माणूस असलं की दुसरं धान्य. हातचं सोडाय शिका जरा."

आडत्याला असे सांगणे म्हणजे माशाला पाण्याबाहेर बोलावणे. सात डाव त्यांनी निव्वळ साठ्यापायी घालवले. पण जे त्यांच्या अंगात होते ते उपयोगीही पडले. हात मंद. शेजारच्या राजाच्या तीन चाली होतात तेव्हा यांची एक. मग त्यांनी मोंढ्यातल्या हमालांना कामे नेमायची जुनी रीत काढली. जे काम एकदा सांगितले की पाव तास परत सांगावे लागत नाही, ते आधी नेमायचे. लाकूड वाड्याजवळच तोडायचे, म्हणजे हेलपाटे कमी. डोंगर आणि तळे यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर कोट घालायचा, एकच दार ठेवायचे. उरलेला वेळ विचाराला. मला पाठीवरच्या हातातून ते कळत असे. आधी बराच वेळ हात निवांत असायचा, मग एक ठाम दाबणी.

होळीपर्यंत ते रोज तीन-चार तास खेळू लागले. हात खांद्यातून उचलला जाऊ लागला. बोटे मला घट्ट धरू लागली. शांतलिंग दुकानातून येऊन आधी विचारायचा, "अप्पा, राज्य कुठवर आलं?" घरात सण असल्यासारखे झाले होते. मीही फुशारलो, मित्रांनो. डब्यातून उठून आलो आणि माणूस उभा केला, असे मनातल्या मनात म्हणून घेतले.

मग उमरग्याच्या बाई आल्या. मधे दोन-अडीच महिने त्या रजेवर होत्या. त्यांनी मला बाजूला केले आणि म्हणाल्या, "आता हात उताणा करा, अप्पा. तळवा उघडा."

हात उताणा झाला. बोटे उघडली नाहीत. ती वाकलेलीच राहिली, अगदी माझ्या पाठीच्या आकाराची. मी तिथे नव्हतो तरी मला धरल्यासारखी.

"रोज किती वेळ चालतं हे?" बाईंनी विचारले. भुवनेश्वरीने सांगितले. बाईंनी एक बोट ताणून पाहिले. मग म्हणाल्या, "मूठ आवळायला शिकली, उघडायला विसरली. असंच चालू ठेवलं तर बोटं आखडून बसतील."

भुवनेश्वरी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिची काय चूक होती? तिने जे केले ते जिवापाड केले. पण बंद मुठीवर लिंग राहत नाही. मी टेबलावर पडून होतो, आणि खरे सांगतो, पत्र्याच्या डब्यात मला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

महालिंगप्पा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजले. ताटे तशीच परत गेली. तिसऱ्या दिवशी भुवनेश्वरीने कॉम्प्युटरचे टेबल त्यांच्या पलंगापाशी ओढले आणि तो चालू केला. अर्धवट राहिलेला डाव तसाच होता. बाहेर शत्रू, आत कोटाचे दार बंद. चार दिवसांपासून त्यांनी दार उघडलेच नव्हते.

"मामा, दार लावून वाचलो, खरं हाय," ती म्हणाली. "पण आतलं लाकूड संपलंय. माणसं रिकामी बसलीत. आता काय करायचं?"

त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिले. "उघडावं लागतंय," ते म्हणाले. आणि उठून बसले. उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताची बोटे एकेक करून सरळ केली. दुखत असणार, कारण डोळ्यांत पाणी होते. मग तो हात मांडीवर उताणा ठेवून ते सुनेला म्हणाले, "ठेव त्याला हितं."

तिने मला उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माणसाचा हात पाहिला. माझा तांबडा उजेड त्याच्या रेषांवर पडला होता. पोत्यांच्या सुतळीने पडलेले जुने वळ होते, आणि मधोमध, जिथे साठ वर्षे लिंग बसले होते, तिथली कातडी नितळ आणि मऊ होती. मी नेमका तिथे बसलो होतो. मला संकोच वाटला.

पडद्यावरचा बाण तिने कोटाच्या दारावर आणून ठेवला होता. तळहात थरथरला की बाण सरकायचा. "बाण दारावरनं हलू द्यायचा न्हाय," ती म्हणाली आणि मोजू लागली. चारला मी घसरलो. खाली शहाबादी फरशी. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडलो. दर वेळी महालिंगप्पा दचकून "शिव शिव" म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे मी पडत नव्हतो, हे मला कळत होते.

वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. माझ्या कुशीला चीर गेली ती तेव्हा. वायर दोनदा तुटली, शांतलिंगने पट्टी लावून जोडली. रुद्रम्माने फरशीवर गोधडी अंथरली तर महालिंगप्पांनी ती काढायला लावली. "पडल्याचा आवाज आला पायजे," ते म्हणाले, "न्हायतर हात शिकायचा न्हाय." शिकायचे त्यांच्या हाताने आणि पडायचे मी. पण तक्रार कुणाकडे करणार? खेळायला आता रोज वीसच मिनिटे होती, बाकी वेळ हात उताणा. वीस मिनिटांत फार चाली होत नाहीत, म्हणून ते दिवसभर डोळे मिटून चाली ठरवायचे. दार कधी उघडायचे, किती माणसे बाहेर पाठवायची, कोठारातले किती सोडायचे. जेवताना रुद्रम्मा ओरडायची, "आधी भाकरी तरी मोडा!"

श्रावणातल्या एका दुपारी शेजारच्या राजाचा वाडा पडला. भुवनेश्वरी खुर्चीवरून उडालीच. महालिंगप्पांनी तिला एवढेच विचारले, "मेंढ्या?"

तिने मोजल्या. "आठच्या आठ, मामा."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ते देवघरात बसले आणि त्यांनी हाक मारली, "भुवना, त्याला आण." तिने माझी वायर काढली आणि मला नेले. त्यांनी मला तळहातावर ठेवले. पडदा नव्हता, बाण नव्हता. त्यांनी शंभर मोजले. मी हललो नाही. मग त्यांनी मला पाटावर पालथा न ठेवता उताणा ठेवला, त्यामुळे माझा डोळा वर राहिला. वायर जोडलेली नव्हती, तरी मला दिसले ते दिसले.

त्यांनी चांदीची डबी उघडली. रुद्रम्माचा हात न राहवून पुढे आला आणि तिनेच तो मागे घेतला. लिंग डाव्या तळहातावर बसले.  पाणी बोटांच्या फटींतून ओघळले, भस्म लागले, बेलाचे पान एकदा निसटले आणि पुन्हा ठेवले गेले.  मग महालिंगप्पांनी लिंग डबीत परत ठेवले आणि हात मांडीवर टेकला.

त्या दिवशी त्यांनी शेंगांच्या चटणीबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. चौथी वाढताना ते "साकु, साकु" म्हणाले. साकु म्हणजे पुरे, कानडीत. "आज साकु म्हणू नका," रुद्रम्मा म्हणाली आणि वाढलीच.

तेव्हापासून रोज सकाळी आधी शंभर मोजेपर्यंत मी तळहातावर बसतो, मग लिंग. थंडीत हात आखडतो, कधी झोप नीट झालेली नसते, तेव्हा मी पडतो. त्या दिवशी ते डबी उघडत नाहीत. उजव्या हाताने स्पर्श करतात, "उद्या" म्हणतात आणि नीट जेवतात. दिवाळीच्या साफसफाईत शांतलिंगने मला भंगाराच्या पोत्यात टाकले होते. महालिंगप्पा काठी टेकत अंगणात आले. "काढ त्याला भाईर," ते म्हणाले. "त्यो पडतोय, म्हणून ते पडत न्हाय." मला परत कोनाड्यात ठेवले गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून वापरा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. मला आता जपून ठेवण्यासारखे काही उरलेले नाही. एवढेच मागतो, की घरात कुणाचा हात मंद असेल तर त्याच्या हातातले काम पटकन काढून घेऊ नका. त्याला पाडू द्या. पडून चालेल अशी एखादी वस्तू त्याच्या हातात द्या आणि ती वस्तू फेकून देऊ नका. आमच्यासारखे जुने माउस त्यासाठी फार चांगले.

आज सकाळी गारठा होता. मी साठला पडलो. भुवनेश्वरी उचलायला वाकली, तर महालिंगप्पा म्हणाले, "थांब." काठी बाजूला ठेवून ते हळूहळू खाली वाकले. बोटे उघडली, माझ्याभोवती आली, मिटली. त्यांनी मला फरशीवरून उचलले, डाव्या हाताने.